तीन तुकड्यांच्या स्लेटचे पूल टेबल घरी बसवताना पातळी कशी साधावी?

चौकट
नमस्कार. एक वापरलेले ८ फुटी पूल टेबल सुटे करून मी घरी आणले आहे आणि कारागीर न बोलावता ते स्वतःच बसवण्याचे काम सध्या चालू आहे. टेबलाचा बेड, म्हणजे कापडाखालचा सपाट भाग, तीन तुकड्यांच्या स्लेटचा (पाटीच्या दगडाचा) असून स्लेटची जाडी १ इंच आहे. खाली लाकडी फ्रेम आणि चार पाय आहेत, आणि प्रत्येक पायाच्या तळाशी उंची कमी-जास्त करण्याचा स्क्रू आहे. खोलीत टाइल्सची फरशी आहे.

फ्रेम जोडून त्यावर स्लेट ठेवल्यावर मी सुतारकामाची दोन फुटी स्पिरिट लेव्हल टेबलाच्या मध्यभागी एकदा लांबीच्या आणि एकदा रुंदीच्या दिशेने ठेवून पाहिली. दोन्ही वेळा बुडबुडा खुणांच्या बरोबर मध्ये आला. तरीही जुने कापड नुसते अंथरून चेंडू अगदी हळू सोडला, तर ब्रेक (डावाचा पहिला फटका) करतो त्या बाजूच्या अर्ध्या भागात तो डावीकडे ओढला जातो आणि रॅक (चेंडूंची त्रिकोणी मांडणी) लावतो त्या बाजूच्या अर्ध्या भागात उजवीकडे. मी हे एकाच जागी उभे राहून पाहिले आहे, त्यामुळे डावे-उजवे बदलण्याचा प्रश्न नाही. शिवाय मधला तुकडा आणि रॅककडचा तुकडा यांच्या सांध्यावरून जाताना चेंडूचा बारीक आवाज येतो, आणि तेथे नख फिरवले तर कड जाणवते.

लेव्हल बरोबर दाखवत असताना चेंडू दोन टोकांना दोन विरुद्ध दिशांनी का जावा, हे मला उलगडत नाही. पायांचे स्क्रू फिरवून हे सुटेल, की स्लेट पुन्हा उचलावी लागेल? सांधा कशाने भरावा? नवीन कापड अजून लावलेले नाही, त्यामुळे जे करायचे ते आत्ताच करणे शक्य आहे.

जुनी_फ्रेम
कापड लावण्याआधी हा प्रश्न विचारलात हे फार चांगले झाले, कारण कापड आणि कुशन (कडेच्या रबरी पट्ट्या) चढल्यावर यातील निम्म्या गोष्टींना हातच घालता येत नाही.

तुम्ही केलेल्या वर्णनावरून टेबलाला ढाळ नसून पीळ आहे, असे मला जवळजवळ खात्रीने वाटते. चार कोपऱ्यांपैकी समोरासमोरचे, म्हणजे एका कर्णावरचे, दोन कोपरे वर आणि दुसऱ्या कर्णावरचे दोन कोपरे खाली असतील, तर मध्यरेषेवर ठेवलेली लेव्हल लांबीतही आणि रुंदीतही शून्यच दाखवते. मात्र एका टोकाला पृष्ठभाग डावीकडे उतरतो आणि दुसऱ्या टोकाला तितकाच उजवीकडे उतरतो. तुमचा चेंडू नेमके हेच दाखवतो आहे. म्हणून टेबलाच्या मध्यभागी घेतलेल्या मापावर कधीही थांबू नये. लेव्हल आडवी ठेवून दोन्ही टोकांजवळ आणि मध्ये, तसेच उभी ठेवून दोन्ही लांब कडांजवळ आणि मध्ये, अशी सहा मापे घ्यावीत आणि कागदावर टेबलाचा आयत काढून त्या-त्या जागी लिहावीत. आकडे डोळ्यांसमोर एकत्र आले की पीळ लगेच ओळखू येतो.

दोरीनेही याची खात्री करता येते. चारही कोपऱ्यांवर सारख्या उंचीचे ठोकळे ठेवून दोन्ही कर्णांवर मासेमारीची बारीक दोरी ताणावी. पीळ नसेल तर मध्यभागी दोन्ही दोऱ्या एकमेकींना जेमतेम टेकतात. दोघींमध्ये फट दिसली, किंवा खालची दोरी वरचीला उचलू लागली, तर पीळ आहे. दोरीला झोळ पडतोच, परंतु दोन्ही कर्णांची लांबी सारखी असल्याने ताणही सारखा ठेवला तर झोळही सारखाच पडतो आणि निष्कर्षात फरक येत नाही.

आता स्लेट उचलावी लागेल का, या प्रश्नाकडे वळतो. येथे दोन वेगवेगळे दोष असू शकतात आणि त्यांचे उपायही वेगवेगळे आहेत. संपूर्ण टेबल एका बाजूला कलले असेल किंवा फ्रेमला पीळ असेल, तर ते पायांनी सुधारते. स्लेटचा एखादा तुकडा शेजारच्या तुकड्यापेक्षा वर-खाली असेल किंवा दोन आधारांच्या मध्ये वाकला असेल, तर पाय कितीही फिरवले तरी ते सुधारत नाही. त्यासाठी स्लेट आणि फ्रेम यांच्यामध्ये पाचर द्यावी लागते. तुमच्या टेबलात पहिला दोष नक्की आहे आणि सांध्यावर लागणारी कड पाहता दुसराही आहे. अनेक जण दुसरा दोष पायांनी सुधारायला जातात आणि त्या नादात आधी बरोबर असलेली पातळीही घालवून बसतात.

म्हणून क्रम असा ठेवावा. प्रथम स्लेटचे सगळे स्क्रू सैल करावेत, म्हणजे स्लेट फ्रेमला ओढून धरणार नाही. स्लेट उतरवण्याची गरज नाही. उलट ती वरच असलेली बरी, कारण ८ फुटी टेबलाच्या १ इंची स्लेटचे तीन तुकडे मिळून साधारण सव्वादोनशे किलो भरतात आणि एवढ्या वजनाखाली लाकडी फ्रेम थोडी तरी बसतेच. रिकाम्या फ्रेमवर साधलेली पातळी वजन आल्यावर जशीच्या तशी राहत नाही. त्यानंतर पायांच्या स्क्रूंनी पीळ काढावा. एकच कोपरा एकदम वर उचलण्याऐवजी खाली असलेल्या दोन्ही कोपऱ्यांना निम्मे-निम्मे उचलावे. पाय फिरवताना त्या कोपऱ्याचा भार जॅकने किंवा लांब दांड्याच्या तरफेने हलका करावा, नाहीतर स्क्रूचे आटे खराब होतात. प्रत्येक फेरफारानंतर सहाही मापे पुन्हा घ्यावीत. यात एक संध्याकाळ सहज जाते आणि ती खर्च करण्यासारखीच आहे.

पीळ निघाल्यावर स्लेटकडे यावे. सुरुवात मधल्या तुकड्यापासून करावी, तो पक्का करावा आणि बाजूचे दोन्ही तुकडे त्याच्याशी जुळवावेत. पाचरीसाठी पातळ पितळी पत्रा, कडक प्लास्टिकच्या पट्ट्या किंवा लाकडाच्या बारीक पाचरी चालतात. पत्त्याच्या कॅटमधले पान सुमारे ०.३ मिलिमीटर जाड असते, तेही बरेच जण वापरतात. पुठ्ठा मात्र वापरू नये, तो दाबला जातो. सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे प्रत्येक स्क्रूच्या अगदी शेजारी स्लेटला खालून आधार असायला हवा. स्क्रूखाली फट राहिली आणि तुम्ही स्क्रू आवळला, तर स्लेट त्या फटीत ओढली जाते आणि तेथे खोलगट भाग तयार होतो. स्लेट दगड असली तरी पातळ असल्यामुळे लवते. स्क्रू आवळताना लेव्हल शेजारीच ठेवावी, आणि बुडबुडा हलू लागला तर थांबून पाचर वाढवावी.

एखादा तुकडा उचलण्याची वेळ आलीच, तर तो दोघा-तिघांनी मिळून कडेवर उभा धरून न्यावा. आडवा धरून नेताना मधोमध तडकण्याचा धोका असतो. तुकड्यांच्या खालच्या बाजूला क्रमांक किंवा खुणा असतील तर त्यांची अदलाबदल करू नये, कारण एका टेबलाचे तीन तुकडे एकत्र घासून जुळवलेले असतात.

दंडगोल_बुडबुडा
वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. केवळ मोजण्याच्या साधनाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण साधन योग्य नसेल तर बाकीची सगळी मेहनत अंदाजावर चालते.

स्पर्धेच्या टेबलांसाठी वर्ल्ड पूल-बिलियर्ड असोसिएशनने जी मानके ठरवली आहेत, त्यांनुसार बेडच्या सपाटीतील फरक लांबीत ०.०२० इंच आणि रुंदीत ०.०१० इंच इतकाच चालतो, म्हणजे अनुक्रमे सुमारे ०.५ आणि ०.२५ मिलिमीटर. सांध्याजवळच्या दोन तुकड्यांतील फरक ०.००५ इंचाच्या, म्हणजे साधारण ०.१३ मिलिमीटरच्या आत असावा लागतो. घरच्या टेबलाने हे सगळे तंतोतंत पाळलेच पाहिजे असे नाही, परंतु आपण कोणत्या मापाच्या मागे आहोत हे माहीत असावे.

८ फुटी टेबलाच्या खेळण्याच्या भागाची लांबी ८८ इंच, म्हणजे सव्वादोन मीटरच्या आसपास असते. सुतारकामाच्या चांगल्या लेव्हलची अचूकता बहुधा मीटरला ०.५ मिलिमीटर असते. याचा अर्थ बुडबुडा मध्यभागी दिसत असतानाही टेबलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक मिलिमीटरहून अधिक फरक असू शकतो, आणि तो मानकाच्या दुप्पट आहे. मोबाइलमधील लेव्हल तर या कामासाठी वापरूच नये. ती ०.१ अंशापर्यंत दाखवते असे धरले, तरी ०.१ अंश म्हणजे मीटरला १.७५ मिलिमीटर, आणि टेबलाच्या पूर्ण लांबीत जवळजवळ ४ मिलिमीटर.

यासाठी यंत्रशाळेत लेथ बसवताना वापरतात ती मशीनिस्ट लेव्हल मिळवावी. तिच्या काचेवर एका खुणेचे मूल्य, म्हणजे बुडबुडा एक खूण सरकला तर मीटरला किती ढाळ, हे लिहिलेले असते. मीटरला ०.०२ मिलिमीटरची लेव्हल इतकी संवेदनशील असते की बुडबुडा स्थिरावण्याची वाट पाहण्यातच वेळ जातो आणि शेजारून कोणी चालले तरी तो हलतो, मीटरला ०.०५ ते ०.१ मिलिमीटरची लेव्हल या कामाला अधिक सोयीची पडते. एखाद्या वर्कशॉपमधून ती दोन दिवसांसाठी मागून आणता आली तर विकत घेण्याची गरजही नाही.

कोणतीही लेव्हल वापरण्यापूर्वी ती स्वतः खरी आहे का, हे तपासावे. स्लेटवर ठेवून माप लिहावे, मग तीच लेव्हल त्याच जागी टोके उलटी करून, म्हणजे १८० अंशांत फिरवून, पुन्हा माप घ्यावे. दोन्ही वेळा बुडबुडा खोलीच्या एकाच बाजूला आणि सारखाच सरकला, तर लेव्हल खरी आहे आणि स्लेट तितकी कललेली आहे. मापे वेगळी आली, तर दोहोंची सरासरी हा स्लेटचा खरा ढाळ आणि फरकाचा निम्मा भाग हा लेव्हलचा दोष समजावा. ही पद्धत एवढी विश्वासार्ह आहे की किंचित बिघडलेल्या लेव्हलनेही अचूक काम करता येते. लेव्हलचा तळ आणि स्लेट दोन्ही पुसून घ्यावेत, कारण या मापात धुळीचा कणही मोजला जातो.

आकडा मिळाल्यावर पाय किती उचलायचा हे गणिताने काढावे. समजा रुंदीच्या दिशेने मीटरला ०.४ मिलिमीटर ढाळ आहे आणि त्या दिशेने दोन पायांमधील अंतर ०.९ मीटर आहे. तर खालच्या बाजूचा पाय ०.४ गुणिले ०.९, म्हणजे ०.३६ मिलिमीटर वर घ्यायचा. पायाच्या स्क्रूचा एक पूर्ण फेरा किती मिलिमीटर उचलतो हे एकदा मोजून ठेवले, की पाव फेरा द्यायचा की अर्धा, हे कळते आणि अंदाजाने पुढे-मागे करावे लागत नाही.

हिरवे_कापड
सांधा आणि कापड यांविषयी लिहिते.

सांधा भरण्याआधी जुळवणे महत्त्वाचे आहे. भरण्याचे काम फट बुजवण्याचे आहे, पायरी लपवण्याचे नव्हे. सांध्यावर पोलादी सरळपट्टी आडवी ठेवून खालून प्रकाश येतो का ते पाहावे, आणि फीलर गेजचे (फट मोजण्याच्या पातळ धातूच्या पानांच्या संचाचे) सर्वांत पातळ पान कोठे शिरते ते तपासावे. पायरी राहिली असेल तर फ्रेमवरच्या पाचरीतच बदल करावा. स्लेट घासून पायरी काढण्याच्या मोहात पडू नये. घासलेला भाग परत येत नाही आणि तेथे कायमचा खळगा राहतो.

भरण्यासाठी मधमाश्यांचे मेण ही माझी पहिली पसंती आहे. स्लेट किंचित गरम करून वितळलेले मेण सांध्यात आणि स्क्रूंच्या खाचांत सोडावे आणि ते पुरते कडक होण्याआधी धारदार, सरळ पात्याने पृष्ठभागाच्या पातळीत खरवडून काढावे. मेण साठ अंश सेल्सिअसच्या थोडे वर वितळते, त्यामुळे राहत्या खोलीत ते वितळत नाही. परंतु टेबलावर कडक ऊन थेट येत असेल तर ते मऊ पडून सांध्यातून थोडे वर येऊ शकते. अशा खोलीत मोटारीच्या पत्र्याला लावतात ती कडक पुट्टी बरी. तिचा तोटा असा की टेबल पुन्हा सुटे करायचे झाल्यास सांधा फोडावा लागतो आणि त्यात स्लेटच्या कडेचे टवके उडण्याची भीती असते. ज्यांना टेबल पुढे-मागे हलवावे लागणार आहे त्यांनी मेणच वापरावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

कापड ताणण्यापूर्वी स्लेट आधी कोरड्या आणि मग किंचित ओलसर फडक्याने पुसून पूर्ण वाळू द्यावी. मेणाचा एखादा बारीक कण खाली राहिला तरी चेंडू त्याच जागी नेहमी उडतो. कापड एका लहान कडेला पक्के करून समोरच्या कडेकडे ताणावे आणि मग लांब कडांना मध्यापासून कोपऱ्यांकडे जावे. लव असलेले कापड असेल तर तिची दिशा ब्रेकच्या बाजूकडून रॅकच्या बाजूकडे ठेवावी. पॉकेटजवळ कापडाला काप देताना घाई करू नये, आधी छोटाच काप द्यावा, कारण तो वाढवता येतो, कमी करता येत नाही. ताण चारही बाजूंनी सारखा असणे हे ताण भरपूर असण्यापेक्षा महत्त्वाचे आहे. एका बाजूला जास्त ओढलेल्या कापडावर हळू जाणारा चेंडू वळतो आणि आपण विनाकारण पायांचे स्क्रू फिरवत बसतो.

कुशनचे बोल्ट एका दमात आवळू नयेत. सगळे हाताने बसवावेत, बाजूच्या पॉकेटच्या दोन्ही अंगांच्या कुशन एका रेषेत आहेत हे दोरी लावून पाहावे, आणि मग मधल्या बोल्टपासून बाहेरच्या बाजूला थोडे-थोडे आवळत जावे. कुशनच्या टोकाची उंची चेंडूच्या व्यासाच्या ६३.५ टक्के असावी लागते, ५७.१५ मिलिमीटरच्या चेंडूसाठी ती ३६ मिलिमीटरपेक्षा किंचित जास्त येते. वापरलेल्या टेबलात ही उंची जरूर मोजावी. कुशनवर चेंडू आपटल्यावर पोकळ, बद्द आवाज आला, तर बहुतेक वेळा तेथील बोल्ट सैल असतो.

दोन_पॉकेट
याच विषयाला जोडून विचारतो. माझे टेबल ७ फुटी आहे, त्याचा बेड स्लेटचा नसून एमडीएफचा (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डचा) आहे आणि खोलीत जाड गालिचा आहे. वर सांगितलेली पद्धत मला कितपत लागू पडेल?

जुनी_फ्रेम
@दोन_पॉकेट, पायांनी ढाळ आणि पीळ काढण्याचा भाग तुम्हाला जसाच्या तसा लागू पडतो. पाचरींचा भाग मात्र मर्यादितच लागू पडेल. एमडीएफ दमटपणा शोषून फुगते आणि दोन आधारांच्या मध्ये कालांतराने खाली बसते. स्लेटमध्ये हे दोन्ही दोष नाहीत, आणि लंडनच्या जॉन थर्स्टन यांनी १८२६ साली स्लेटचे बेड आणल्यावर लाकडी बेड मागे पडले ते याच गुणांमुळे. बेड मध्यभागी बसला असेल तर फ्रेममध्ये खालून एक आडवी पट्टी घालून तो भाग हळूहळू वर घेता येईल, परंतु बोर्डलाच बाक आला असेल तर तो पूर्ण निघेल याची आशा ठेवू नये. ओल येणाऱ्या भिंतीपासून टेबल दूर ठेवावे.

गालिच्यावर प्रत्येक पायाखाली जाड प्लायवुडची हातभर चौकोनी फळी ठेवावी, म्हणजे भार पसरतो. तरीही गालिचा काही आठवडे दबत राहतो आणि तोही चारही पायांखाली सारखा दबत नाही, म्हणून महिन्याभराने पुन्हा मोजावे. शक्य असल्यास तेवढ्या जागेचा गालिचा कापून पाय थेट फरशीवर टेकवणे सर्वांत चांगले.

चौकट
सर्वांचे मनापासून आभार. दोन्ही टोकांना लेव्हल आडवी ठेवून पाहिली आणि बुडबुडा खरोखर दोन विरुद्ध दिशांना गेला, म्हणजे पीळच होता. ओळखीच्या वर्कशॉपमधून मशीनिस्ट लेव्हल आणली, स्लेटचे स्क्रू सैल केले आणि खाली असलेले दोन्ही कोपरे सारखे उचलले. आता तिन्ही ठिकाणची आडवी मापे जुळत आहेत. रॅककडच्या तुकड्याखाली एका स्क्रूशेजारी आधारच नव्हता. तेथे पितळी पत्रा दिल्यावर नखाला लागणारी कड गेली. आज सांध्यात मेण भरणार आहे.

एक शंका उरली आहे. कापड लावल्यावर चेंडू सोडून तपासताना तो वळला, तर दोष टेबलाचा की चेंडूचा, हे कसे ओळखावे?

दंडगोल_बुडबुडा
चेंडू हाताने सोडू नये, कारण बोटांनी नकळत बाजूची फिरकी दिली जाते. ॲल्युमिनियमचा इंग्रजी व्ही आकाराचा तुकडा एका बाजूने किंचित उचलून ठेवावा आणि त्यावरून चेंडू घरंगळू द्यावा, म्हणजे वेग आणि दिशा प्रत्येक वेळी सारखी राहते. वेग इतका कमी ठेवावा की चेंडू समोरच्या कुशनला जेमतेम पोहोचेल.

एकाच रेषेवर तो आधी एका टोकाकडून आणि मग उलट दिशेने सोडावा. दोन्ही वेळा तो खोलीच्या एकाच भिंतीकडे वळला, तर तेथे ढाळ आहे. उलट दिशेने सोडल्यावर वळण्याची बाजूही उलटली, तर कापडाचा ताण किंवा लव तपासावी. तोच प्रयोग दोन-तीन वेगळे चेंडू धुऊन, पुसून करावा. एखादाच चेंडू कधी इकडे, कधी तिकडे वळत असेल, तर त्याचा तोल बिघडला आहे आणि तो बाजूला काढावा. शेवटच्या काही इंचांत, चेंडू थांबता थांबता, किंचित वळणे हे लव असलेल्या कापडावर समतल टेबलावरही घडते, त्यासाठी पायांना हात लावू नये.